वाळूचे गणित मांडणारे राल्फ बॅग्नोल्ड

उन्हाळ्यात आपल्या द्वारकेवर वावटळ उठली म्हणजे रस्त्यावरील धूळ आकाशात चढते. गोदेच्या पात्रातील जाड वाळू मात्र जमिनीलगतच राहते. वाळूच्या या स्वभावाचे शास्त्र ज्यांनी प्रथम नीट मांडले, त्या राल्फ बॅग्नोल्ड यांचे चरित्र मोठे बोधप्रद आहे.

यांचा जन्म इंग्लंडात डेव्हनपोर्ट येथे ३ एप्रिल १८९६ रोजी झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये लष्करी इंजिनिअर म्हणून काम केले व नंतर केंब्रिज येथे अध्ययन केले. पुढे इजिप्त व हिंदुस्थानात चाकरी करीत असता रजेच्या दिवसांत ते फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरत. तेथे वाळूच्या प्रचंड टेकड्या ओळीने व रेखीव आकारात उभ्या होत्या. दिशाहीन उडणाऱ्या वाळूस ही शिस्त कोण लावतो, या प्रश्नाने त्यांना पछाडले.

१९३५ साली सैन्यातून निवृत्त होताच त्यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात वाऱ्याचा बोगदा उभारला व त्यात वाळू सोडून तिचे निरीक्षण केले. वाळूचा कण उडी घेतो, पडताना दुसऱ्या कणांस धक्का देतो, आणि तेही उड्या घेऊ लागतात. असे कण टेकडीच्या वाऱ्याकडील मंद उतारावरून माथ्यापर्यंत चढतात व पलीकडील तीव्र उतारावर घसरतात. त्यामुळे सबंध टेकडीच हळूहळू पुढे सरकते. हे नियम त्यांनी १९४१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १९४४ साली रॉयल सोसायटीने त्यांस सभासदत्व दिले.

१९७१ साली मरिनर-९ हे यान मंगळापाशी पोहोचले, तेव्हा तो ग्रह धुळीच्या वादळाने झाकलेला होता. धूळ बसल्यावर तेथेही वाळूच्या टेकड्या दिसल्या. मंगळावरील हवेचा दाब आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. तरीही वारा तेथे तेच काम करीत होता! त्याचा उलगडा करताना शास्त्रज्ञांस बॅग्नोल्ड यांच्याच नियमांचा आधार मिळाला.

२८ मे १९९० रोजी ते निवर्तले. पुढे मंगळावरील काही टेकड्यांस त्यांचे नाव देण्यात आले. २०१५ साली क्युरिऑसिटी गाडी तेथे पोहोचली, तेव्हा पृथ्वीच्या वाळवंटांत न आढळणाऱ्या, सुमारे ३ मीटर अंतराच्या लाटा त्या वाळूवर दिसल्या. म्हणजे गुरूंच्या पाटीवर अजून लिहावयाचे शिल्लकच आहे.

विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाचा उपयोग काय, असे विचारीत बॅग्नोल्ड थांबले असते, तर ही विद्या मंगळापर्यंत पोहोचली नसती. पायाखालची वाळूही जिज्ञासूस गुरू होते.