सेवाव्रती सावित्रीबाई फुले

सावित्रीबाई फुले यांचे नाव उच्चारताच १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा आठवते. त्यांच्या चरित्राचा अखेरचा अध्याय मात्र रुग्णसेवेचा आहे, आणि तोही आपल्या समाजातील प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावा असा आहे.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह झाला. पुढे १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७६-७७ च्या दुष्काळातील अन्नदान व सत्यशोधक समाजाचे कार्य त्यांनी पतीच्या बरोबरीने केले. एका विधवेचा मुलगा यशवंत यास या निपुत्रिक दांपत्याने दत्तक घेऊन डॉक्टर केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. पण सावित्रीबाईंचे कार्य अखंड चालू राहिले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. थोड्याच महिन्यांत ती साथ पुण्यात शिरली. काखेत किंवा जांघेत गाठ, तीव्र ज्वर आणि चार-आठ दिवसांत अंत, असा तो रोग. त्याचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे सापडला होता. परंतु उंदरांवरील पिसवा तो पसरवितात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले, आणि जगाला ते पटण्यास आणखी काही वर्षे लागली. त्यामुळे १८९७ मध्ये रोग्याची नाडी पाहणाऱ्या वैद्याला शत्रू कोठे दडला आहे हेच ठाऊक नव्हते. भिंतींना चुना, जंतुनाशकाचा शिडकावा, रोग्यास विलग ठेवणे आणि घर सोडून रानात झोपडी घालणे, एवढीच साधने हाती होती.

अशा वेळी सावित्रीबाईंनी लष्करी वैद्यकीय सेवेत असलेल्या यशवंतरावांस रजा घेऊन बोलावले व हडपसरनजीक ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. दाट वस्तीपासून दूर अशा या जागेच्या निवडीत संसर्गाची जाण स्पष्ट दिसते. एकुलत्या पुत्रास अशा कामावर बोलावताना त्या मातेच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हे कोणतीही माता जाणू शकेल. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांचा मुलगा आजारी पडल्याचे कळताच वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांनी त्यास पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

२०२० साली करोनाच्या साथीत ही चिंता आपल्या अंबड परिसरानेही अनुभवली. मुखपट्टी व संरक्षक पोशाख घालून कामावर जाणाऱ्या, घरी परतल्यावर स्नानाआधी लेकरांना जवळ न घेणाऱ्या परिचारिका आपण पाहिल्या. त्यांची ती सावधगिरी सेवेचाच भाग होती. सावित्रीबाईंपाशी पुरेशी साधने नव्हती. आज ती आहेत. सेवा करणाऱ्यास ती वेळेवर मिळावीत आणि शेजाऱ्यांनी त्याच्यापुढे दार लावून घेऊ नये, एवढी दक्षता घेणे हीच त्या माउलीस आपली खरी आदरांजली ठरेल.