पाण्याचं कुलूप घालणारा घड्याळजी

बेसिनखाली वाकून पाहिलं की एक वाकडा पाइप दिसतो. तुंबतो तो बहुधा तिथंच. मग हे वळण ठेवलंच कशाला, असं वाटतं. त्याचं उत्तर लंडनमधल्या एका घड्याळजीकडे आहे.

अलेक्झांडर कमिंग हा मूळचा स्कॉटलंडचा. लंडनच्या बाँड स्ट्रीटवर त्यानं घड्याळजी म्हणून नाव कमावलं. राजा तिसऱ्या जॉर्जसाठी 1765 मध्ये त्यानं असं घड्याळ बनवलं, की ते वेळेबरोबर हवेचा दाबही कागदावर नोंदवत असे. पुढच्याच वर्षी घड्याळशास्त्रावर त्याचा ग्रंथ आला. अशा माणसानं 1775 मध्ये पेटंट घेतलं ते मात्र संडासाचं!

शौचपात्रं तेव्हाही होती, पण त्यांतून मैलाखड्ड्याचा वायू थेट घरात शिरे. कमिंगनं पात्राखालचा पाइप इंग्रजी 'एस'सारखा वळवला. वळणात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि वायूची वाट अडते. दर वेळी नवं पाणी आलं की जुनं पुढे जातं. ना चावी, ना स्प्रिंग. घड्याळजीच्या हातून झालेलं हे सर्वांत साधं यंत्र म्हणायला हवं. त्याच्याच पात्रातली सरकती झडप मात्र नीट चालेना. 1778 मध्ये जोसेफ ब्रामानं तिच्या जागी बिजागरीची झडप बसवली आणि पुढे नाव झालं ते ब्रामाचं.

दुर्गंधीनंच रोग होतात, अशी त्या काळची समजूत होती. ती चुकीची ठरली, पण वळणाचं काम खरं निघालं. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सची लागण 300 हून जास्त लोकांना झाली. तपासात न्हाणीघरांतले कोरडे पडलेले ट्रॅप हे एक महत्त्वाचं कारण मानलं गेलं. पाण्याचं कुलूप वाळलं होतं आणि एक्झॉस्ट पंखे सांडपाण्याच्या पाइपमधली हवा आत ओढत होते. म्हणून वापरात नसलेल्या बाथरूममध्येही अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावं.

आता तुंबण्याचं. केस आणि साबणाचा थर वळणात अडकतो. हाताच्या दांड्याची स्प्रिंग इथं ॲसिडपेक्षा बरी. हातमोजे घालून ती हळूहळू आत सोडायची, अडली की रेटायची नाही, दांडा फिरवायचा. फिरता फिरता टोक वळण पार करतं आणि केसांत गुंततं. मग फिरवतच बाहेर ओढायची. आधी ॲसिड ओतलं असेल तर स्प्रिंग घालू नये. ते अंगावर उडतं. मोरीतल्या नहाणी ट्रॅपमधली वाटी काढून केस हातानंच निघतात. पण वास येऊ लागला की तक्रार करणाऱ्या कित्येक घरांत ती वाटी परत बसवलेलीच नसते.

कमिंग 1814 मध्ये वारला. हवेचा दाब नोंदवणारं तसंच एक घड्याळ त्यानं स्वतःसाठीही केलं होतं. ते पुढे ल्यूक हॉवर्डकडे गेलं. ढगांना आज वापरात असलेली नावं देणारा हाच तो हॉवर्ड. लंडनच्या हवामानाच्या अभ्यासासाठी त्यानं ते वापरलं.