लोकाधिकाराचे पुरस्कर्ते : कविवर्य लामार्तिन

फ्रान्सचे थोर कवी आल्फोन्स द लामार्तिन यांचा जन्म १७९० साली माकाँ येथे झाला. फेब्रुवारी १८४८ मध्ये राजेशाही कोसळली व हंगामी सरकारात ते अग्रणी ठरले. नव्या घटना समितीत सर्वांस न्याय्य स्थान मिळावे, म्हणून सरकारने संपत्तीची अट रद्द केली आणि दर ४०,००० लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी ठरविला. सुमारे अडीच लाख मतदारांचे नव्वद लाख झाले. स्त्रिया मात्र वंचितच राहिल्या. एप्रिलमध्ये एकाच वेळी दहा जिल्ह्यांनी त्यांना निवडून दिले. राष्ट्राध्यक्षही जनतेनेच निवडावा, हा आग्रह त्यांनी धरला. परंतु डिसेंबरच्या त्या निवडणुकीत त्यांना २५ हजारही मते मिळाली नाहीत. १८६९ साली कर्जबाजारी अवस्थेत त्यांचे देहावसान झाले. स्वतःस नाकारण्याचा अधिकारही लोकांच्या हाती सोपविणाऱ्या या पुण्यात्म्यास विनम्र अभिवादन!