स्वामी रामानंद तीर्थ : सत्तेपासून दूर राहिलेला अध्यक्ष

तलमडुगु हे आदिलाबाद जिल्ह्यातील महाराष्ट्राच्या सीमेकडचे गाव. किनवट तालुका पूर्वी ह्याच जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. किनवट नांदेडला जोडला गेला, आणि तलमडुगु आंध्र प्रदेशात राहिले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. ती वाटणी ज्यांच्या आग्रहामुळे झाली त्यांत स्वामी रामानंद तीर्थ अग्रभागी होते. ज्या संस्थानाच्या मुक्तीसाठी त्यांनी तुरुंगवास सोसला, तेच राज्य मोडावे असे त्यांनी का म्हणावे, हे त्यांचे चरित्र पाहिल्यावर उमगते.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, म्हणजे कानडी मुलखातला. लोकमान्यांच्या निधनानंतर त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचा आणि देशसेवेचा संकल्प केला. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात उच्च शिक्षण घेतले, काही काळ ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केले. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक झाले, आणि १९३० साली त्यांनी संन्यास घेतला. १९३५ पासून अंबाजोगाई ही त्यांची कर्मभूमी झाली.

संन्याशाने राजकारणात पडावे काय, ह्या शंकेचे उत्तर त्यांनी कृतीने दिले. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्या वर्षीच्या सत्याग्रहात स्वामीजी तुरुंगात गेले. बंदी उठली ती १९४६ साली. ते अध्यक्ष झाले. पण ह्या अध्यक्षपदाला ना राजवाडा होता, ना खजिना. १५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगा फडकावल्याबद्दल त्यांना अटक झाली. नोव्हेंबरअखेर सुटका होते न होते तोच जानेवारी १९४८ मध्ये ते पुन्हा गजाआड गेले, आणि सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतरच बाहेर आले.

येथे अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाची आठवण होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी युद्ध जिंकून १७८३ साली सेनापतिपद सोडले, १७८९ साली अध्यक्षपद स्वीकारले, आणि दोन मुदती पूर्ण होताच १७९७ साली ते आपल्या शेतावर परतले. स्वामीजी आणखी एक पाऊल पुढे गेले. त्यांनी मंत्रिपद घेतलेच नाही. मुक्तीनंतर स्टेट काँग्रेसमध्ये गट पडले, आणि १९५२ साली बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. स्वामीजी लोकसभेत गेले. १९५२ साली कानडी गुलबर्ग्यातून, १९५७ साली मराठी औरंगाबादेतून.

निजामाच्या राज्यात तेलुगू, मराठी आणि कानडी ह्या तीन भाषांची वस्ती होती, परंतु कचेरी, न्यायालय आणि उच्च शिक्षण उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा कागद वाचता येत नसे. राज्य लोकांच्या भाषेत चालले नाही तर निजाम गेला तरी प्रजा प्रजाच राहील, अशी स्वामीजींची धारणा होती. पंडित नेहरूंचा कल प्रारंभी राज्य अखंड ठेवण्याकडे होता. तरीही स्वामीजी भाषावार विभागणीच्या मागणीवर ठाम राहिले. अखेर मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये आणि तेलंगण आंध्रात गेले.

ह्या न्यायाची किंमतही होती, आणि ती हैदराबादेतील जुन्या मराठी घराण्यांना ठाऊक आहे. कालपर्यंतचे सहवासी एका रात्रीत दुसऱ्या राज्याचे नागरिक झाले. सीमेवरच्या गावांत मराठी आणि तेलुगू एकाच बाजारात नांदत होत्या. तेथे कोणतीही रेषा आखली तरी काही घरे चुकीच्या बाजूला राहणारच. पण ज्याने ही रेषा मागितली त्याने आपल्यासाठी कोणत्याच बाजूला गादी मांडली नाही.

१९६२ नंतर ते निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांनी देह ठेवला. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. जन्म कानडी मुलखात, शिक्षण पुण्यात, कर्मभूमी मराठवाडा आणि लढ्याचे केंद्र हैदराबाद: ह्या माणसाला कोणत्या एका राज्याचा म्हणावे? तलमडुगुच्या मराठी घराने आणि तेलुगू घराने त्यांना सारख्याच हक्काने आपले म्हणावे, हेच उचित.