पदाला जागलेली राणी
राणीताल, चेरीताल आणि आधारताल ही नावे आपणा जबलपूरकरांच्या नित्य परिचयाची आहेत. परंपरेनुसार पहिला तलाव राणी दुर्गावतींनी, दुसरा त्यांच्या दासीने, तर तिसरा मंत्री आधारसिंह यांनी बांधविला. कालिंजरच्या चंदेल कुळात जन्मलेल्या दुर्गावतींनी गढ्याचे राजे दलपतशहा यांच्या निधनानंतर अल्पवयीन वीरनारायणाच्या नावे राज्य सांभाळले. प्रत्येकाने आपल्या पदाला जागावे, हे चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसचे राज्यसूत्र त्यांच्या कानी आले नसेल. आचरणात मात्र ते होते. २४ जून १५६४ रोजी मोगल सरदार आसफखानाशी लढताना घायाळ झाल्यावर शरण न जाता त्यांनी स्वहस्ते कट्यारीने प्राणार्पण केले. राज्य लयास गेले. राणी, दासी आणि मंत्री मात्र नगराच्या मुखी राहिले.