कुरणावर शाळा नेणाऱ्या ताराबाई

गणित येत नाही म्हणून एखाद्या मुलाला ‘ढ’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. त्याला कळेल असे शिकवणे कठीण. हे कठीण काम आयुष्यभर करणाऱ्या ताराबाई मोडक यांची आज आपण ओळख करून घेऊ या.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. विवाहानंतर काही काळ त्या आपल्या विदर्भात, अमरावतीला होत्या. पुढे राजकोटला त्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. मानाची ती नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या आणि तेथे मारिया माँटेसरी यांची पद्धत शिकल्या.

माँटेसरीबाई रोमच्या कॅथलिक डॉक्टर. मंदबुद्धी ठरवून वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेल्या मुलांपासून त्यांनी कामाला सुरुवात केली. वस्तू हाताळत ती मुले शिकली आणि त्यांतली काही सर्वसाधारण शाळेची परीक्षाही उत्तीर्ण झाली. सुटा मणी म्हणजे एकक, दहा मण्यांची तार म्हणजे दशक, अशा दहा तारांचा चौकोन म्हणजे शतक, असे त्यांचे गणित मुलाच्या हातात असे.

ताराबाईंनी ही पद्धत गरिबाच्या दारी नेली. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह काम केले. वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणावर गेली. महागड्या साहित्याऐवजी खडे, शिंपले, बिया आणि पाने आली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या राजुरा परिसरात अनेक मुलांची घरची बोली गोंडी, कोलामी किंवा तेलुगू आहे. आईबरोबर बसून तेंदूपानांचे ७० पानांचे पुडके बरोबर मोजणारे मूल पाटीवरची बेरीज चुकते. काही मुलांना तर अंकच उलटेसुलटे दिसतात. तो आळस नव्हे. त्यांना मारू नये, हिणवू नये.

पालकहो, आज संध्याकाळी मुलापुढे खराट्याच्या काड्या ठेवा. आठ आणि पाच काड्या एकत्र करून त्यातल्या दहांची जुडी बांधायला सांगा. तीन सुट्या उरतील आणि जुडी त्याच्या हातात राहील. ‘हातचा एक’ म्हणतात तो हाच. तो एकदा खरोखर हाती आला, की पाटीवरही मुलाला ओळखू येईल.