परमवीर चक्र रेखाटणाऱ्या सावित्रीबाई

परमवीर चक्राचे चित्र काढणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर यांचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. वडील हंगेरीचे, आई रशियाची, मुलीचे नाव ईव्ह. १९२९ मध्ये विक्रम खानोलकर नावाचा मराठी तरुण सुट्टीत स्वित्झर्लंडला आला होता. तो इंग्लंडमध्ये सँडहर्स्टला कॅडेट होता, म्हणजे आपल्यासारखाच, फक्त थोडा मोठा. दोघांची ओळख झाली. वडिलांची संमती नव्हती, तरी पुढे ईव्ह भारतात आल्या आणि १९३२ मध्ये लखनौला त्यांचे लग्न झाले. त्या हिंदू झाल्या, सावित्री हे नाव घेतले, मांसाहार सोडला. मराठी, हिंदी, संस्कृत शिकल्या, पुराणे वाचली. यात मला सर्वांत अवघड वाटते ते मराठी शिकणे. आमच्या हाउसमध्ये बाहेरच्या राज्यांतली मुले आहेत, त्यांना तीन वर्षांत 'ळ' जमलेला नाही.

देश स्वतंत्र झाल्यावर सैन्याला स्वतःची शौर्यपदके हवी होती. ते काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आले. पुराणांचा सावित्रीबाईंचा अभ्यास त्यांना माहीत होता, म्हणून चित्र त्यांनी सावित्रीबाईंना काढायला सांगितले.

नवी पदके का हवी होती, हे मला पुस्तकापेक्षा माझ्या संग्रहावरून जास्त कळले. मी युद्धातली पदके जमवायला सुरुवात केली आहे. माझ्या आजीचे घर भेडाघाटला आहे. आजोबा जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत होते, निवृत्तीनंतर त्यांनी तिथे घर बांधले. आजीचे वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले. त्यांची चार पदके आजीच्या ट्रंकेत होती, ती तिने मला दिली. त्यांतल्या वॉर मेडलवर एका बाजूला इंग्लंडच्या राजाचे डोके आणि दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह आहे. इंडिया सर्व्हिस मेडलवर भारताचा नकाशा आहे खरा, पण उलटे केले की पुन्हा तोच राजा. लढले आपले लोक, आणि छातीवर राजा त्याचा!

आजीने एकच अट घातली. ही पदके विकायची नाहीत आणि कशाच्या बदल्यात द्यायची नाहीत. मी आणखी एक अट घालून घेतली, ब्रासो लावायचा नाही. परेडसाठी बक्कल घासून घासून आपल्याला सवय झालेली असते, पण पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. घासले की आधी तीच जाते.

संग्रहातले पाचवे पदक विकतचे आहे. जबलपूरच्या बाजारात एका दुकानात पहिल्या महायुद्धाचे चांदीचे वॉर मेडल वजनावर विकायला ठेवले होते. कडेवर एका मराठा शिपायाचे नाव होते. घ्यावे की नाही, मला ठरवता येईना. ते त्याच्या घरच्यांचे आहे, माझे कसे? पण न घ्यावे तर ते वितळणार आणि नावही जाणार. आजीचे म्हणणे पडले की आधी वाचव, मग घरचे शोध. पैसे तिनेच दिले. मी वहीत नाव आणि नंबर उतरवून ठेवला आहे. घरचे सापडले तर पदक त्यांचे.

सावित्रीबाईंनी परमवीर चक्रावर मधोमध राजमुद्रा आणि तिच्याभोवती चार वज्रे काढली. वज्र हे इंद्राचे शस्त्र. ते करण्यासाठी दधीची ऋषींनी जिवंतपणी आपली हाडे दिली, म्हणून त्यांनी तेच निवडले. भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरात कोणाच्या हातात वज्र दिसते का, हे पाहायला मी सगळ्या पायऱ्या चढून गेलो. पण तिथल्या बहुतेक मूर्तींचे हातच फोडलेले आहेत. परमवीर चक्र कांस्याचे आहे, सोन्याचे नाही. रुंदी साडेतीन सेंटिमीटर, फीत साधी जांभळी. वजनावर विकले तर काहीच येणार नाही, आणि मला ते फार आवडले. महावीर चक्र, वीर चक्र आणि अशोक चक्र यांची चित्रेही त्यांचीच.

२६ जानेवारी १९५० ला परमवीर चक्र सुरू झाले, लागू मात्र १५ ऑगस्ट १९४७ पासून. पहिले चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले. हाताला प्लॅस्टर असताना ते ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमध्ये बडगामला लढले. ते सावित्रीबाईंची मुलगी कुमुदिनी हिचे थोरले दीर. आपण काढलेले चित्र पहिल्यांदा आपल्याच नात्यातल्या माणसासाठी, तेही तो गेल्यावर वापरले जावे, याचे त्यांना काय वाटले असेल?

१९५२ मध्ये विक्रम खानोलकर वारले. त्यानंतर सावित्रीबाई रामकृष्ण मठाकडे वळल्या. महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्या गेल्या, तोपर्यंत १७ परमवीर चक्रे दिली गेली होती. कारगिलनंतर ती २१ झाली, त्यांतली १४ मरणोत्तर. कारगिलच्या चारांपैकी योगेंद्र सिंह यादव ग्रेनेडियर्सचे, विक्रम बत्रा आणि संजय कुमार जम्मू-काश्मीर रायफल्सचे. या दोन्ही रेजिमेंटची केंद्रे आज जबलपूरला आहेत, आजीच्या घरापासून बसने तासाभराच्या आत.